सासऱ्यांची रत्नागिरी आणि मुलांचा गोवा

पुण्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. सारांश असा:

घरात सहा माणसं. ताई आणि त्यांचे यजमान, दोघंही नोकरी करणारे. मुलगी 15 वर्षांची, मुलगा 10 वर्षांचा. सासू-सासरे सोबत राहतात. सासरे 78 वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, बाकी तब्येत ठीक. त्यांचं बालपण रत्नागिरीत, मांडवीच्या आसपास गेलं. अकरावी मॅट्रिक झाल्यावर नोकरीसाठी ते मुंबईला गेले. रत्नागिरीतलं घर तीसेक वर्षांपूर्वी धाकट्या भावाने विकलं, त्यावरून बोलाचाली झाली आणि जाणं-येणं थांबलं. भाऊ अजून रत्नागिरीतच असतो. गेलं वर्षभर सासरे अधूनमधून म्हणतात, "एकदा मला रत्नागिरीला न्या." नाताळच्या सुट्टीत चार दिवस मिळतायत. यजमानांचं म्हणणं, "तिथे आता काय आहे? बाबांना उगाच त्रास होईल." मुलांना गोवा हवाय. सासूबाईंना गणपतीपुळ्याचं दर्शन हवंय. ताईंनी 17 ठिकाणांची यादी करून ठेवली आहे आणि त्या विचारतात: "विकलेलं घर बाबांना दाखवावं की नाही? सगळ्यांना आनंद होईल असं काय करू? की गोव्याला जाता जाता तासभर रत्नागिरी करू?"

ताई,

सर्वात सोपा प्रश्न आधी निकालात काढते. तासभर रत्नागिरी होत नाही. मुंबई-गोवा महामार्ग शहरातून जात नाही, हातखंब्याला वळून आत यावं लागतं. तासाभरात तुम्ही शहरात शिराल, पार्किंग शोधाल, मुलांना वडापाव घ्याल आणि परत फिराल. तुमचे सासरे गाडीच्या काचेतून बघत राहतील आणि "बघितलं, झालं" म्हणतील. त्यापेक्षा न गेलेलं बरं.

आता घराबद्दल. तुमच्या पत्रात सासऱ्यांचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं दिलंय: "एकदा मला रत्नागिरीला न्या." यात घर हा शब्द नाही. घर तुम्ही घातलंत, त्रास तुमच्या यजमानांनी घातला. त्यांना खरंच घर बघायचंय, की बंदरावर बसायचंय, की भगवतीच्या देवळात जायचंय, की कुणा वर्गमित्राला भेटायचंय, हे अजून कुणी विचारलेलंच दिसत नाही. एखाद्या रात्री जेवणं झाली की विचारा, "बाबा, तिथे पोचल्यावर पहिल्यांदा कुठे जायचं?" आणि मग थांबा. ते लगेच बोलणार नाहीत. कदाचित "कुठेही चालेल" म्हणतील. दोन दिवसांनी चहाच्या वेळी आपणहून सांगतील.

त्रास होईल का? होईल ना. पण घर गेल्याचा त्रास ते तीस वर्षं पुण्यात बसूनही सोसतच आहेत, तो रत्नागिरीला न गेल्याने वाचलेला नाही. म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरून आले की आपण घाबरतो, जणू काही बिघडलंच. बिघडत नसतं. मात्र फसवणूक होऊ देऊ नका. त्या जागी आता अपार्टमेंट आहे का, घर तसंच आहे का, की नुसतीच मोकळी जागा आहे, हे जायच्या आधी ओळखीतून काढून ठेवा आणि जे असेल ते त्यांना पुण्यातच, स्वतःच्या खोलीत, सरळ सांगा. रिक्षातून उतरल्यावर समोर सहा मजली इमारत दिसणं हा प्रकार नको. ऐकूनही जायचं म्हणाले तर सहाजणांची वरात नेऊ नका. एकजण सोबत पुरे, आणि तो तुमचा नवरा असावा असं मला वाटतं. "तिथे आता काय आहे" हे वाक्य ज्याला तिथलं काहीच आठवत नाही त्याचं नसतं. त्याच्याही मे महिन्याच्या सुट्ट्या त्या अंगणात गेल्या असतील. वडिलांना त्रास होईल असं म्हणताना माणूस कधी कधी स्वतःबद्दल बोलत असतो. मी चुकतही असेन, तुम्ही त्याला जास्त ओळखता. घर उभं असेल तर एकाने आधी पुढे जाऊन विचारावं, बाकीच्यांनी रस्त्यावर थांबावं. आणि व्हिडिओ काढू नका.

धाकट्या काकांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात त्यांचा उल्लेख दोनदा आलाय. परस्पर फोन करून "आम्ही येतोय" असं कळवण्याचा मोह होईल. करू नका. भावाभावांतलं तीस वर्षांचं मौन सुनेने सरप्राइज म्हणून सोडवायचं नसतं. फक्त एक दुपार काही न ठरवता मोकळी ठेवा. सासरे म्हणाले तर जाल, नाही म्हणाले तर झोप काढाल.

मुलांचा गोवा. मुलं गोवा म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा समुद्र, पाण्यातले खेळ आणि मित्रांना सांगायला काहीतरी हवं असतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी रत्नागिरीच्या आसपास मुबलक आहेत, तिसरी आपण तयार करू शकतो. मुलीला सांगा की ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा इथे राहिला आणि इथेच वारला. 1885 मध्ये इंग्रजांनी तिथली राजधानी मंडाले घेतली, थिबा राजाला राणीसह पदच्युत करून हिंदुस्थानात आणलं आणि 1886 मध्ये रत्नागिरीत ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा तयार व्हायला 1910 साल उजाडलं, म्हणजे चोवीस वर्षं तो दुसऱ्या बंगल्यांत राहिला, आणि वाड्यात जेमतेम सहा वर्षं राहून 1916 मध्ये गेला. राणी 1919 मध्ये रंगूनला परतली, थोरली मुलगी मात्र रत्नागिरीचीच झाली. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्याच्या समाधीपाशी येऊन गेले. पंधरा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट राजवाड्यात उभं राहून ऐकायला नक्की आवडेल, फक्त ती पाटीवरून वाचून दाखवू नका. आजोबांना सांगू द्या. त्यांच्या लहानपणी राजाबद्दल जे ऐकीव किस्से गल्लीत फिरत असतील, ते पाटीवर नसणार. वाड्याजवळच थिबा पॉइंट आहे, तिथून भाट्याची खाडी आणि पूल दिसतो. गाडी जवळ जाते, गुडघ्यांचा प्रश्न नाही.

मुलासाठी दोन गोष्टी. एक, झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र. कोकण कृषी विद्यापीठाचं आहे, मत्स्यालय आहे आणि देवमाशाचा सांगाडा आहे. दहा वर्षांच्या पोराला आणखी काय हवं? दोन, रत्नदुर्ग, ज्याला गावात भगवतीचा किल्ला म्हणतात. तिन्ही बाजूंनी समुद्र, घोड्याच्या नालासारखा आकार, भुयाराचं तोंड, दीपगृह. वर पायऱ्या चढाव्या लागतात. सासऱ्यांना जमेल तितकं ते चढतील, नाही जमलं तर खाली बसतील. "मी बसतो, तुम्ही जाऊन या" असं ते म्हणाले तर जाऊन या. दर वेळी सगळ्यांनी सगळीकडे बरोबरच असायला हवं, ही कुटुंबाच्या सहलीतली सर्वात दमवणारी समजूत आहे. मी स्वतः एकदा आईला घेऊन दोन दिवसांत अकरा ठिकाणं केली. घरी आल्यावर आईला विचारलं, काय आवडलं? म्हणाली, "त्या टपरीवर तू पंक्चर काढत होतीस तेव्हा बसले होते ना, ती जागा." त्या दिवसापासून मी यादी करत नाही.

तुमच्या 17 ठिकाणांपैकी जयगड, हेदवी आणि वेळणेश्वर मी खोडून टाकते. शेवटच्या दोहोंसाठी तवसाळची फेरीबोट धरावी लागते, ती गंमत आहे, पण या खेपेला नको. मार्लेश्वरही नको, पायऱ्या फार आहेत. टिळकांचं जन्मस्थान ठेवा. 1856 मध्ये टिळक जिथे जन्मले ते कौलारू घर, मधल्या आळीत, शहराच्या पोटात, पाऊण तास पुरतो. पतितपावन मंदिर तिथून लांब नाही. 1931 मध्ये भागोजीशेठ कीर यांनी ते बांधलं, सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, मंदिर त्यांच्याच प्रेरणेने उभं राहिलं. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार समुद्राला द्या.

मुक्काम शहरातच करा. गणपतीपुळ्याला समुद्रासमोरची खोली मोहात पाडेल, पण नाताळात तिथली गर्दी आणि भाडं दोन्ही चढलेलं असतं, आणि सासऱ्यांची रत्नागिरी तिथे नाही. शिवाय रत्नागिरी हे जिल्ह्याचं ठिकाण आहे. रात्री-अपरात्री औषध लागलं, डॉक्टर लागला, तर शहरात सोय आहे. खोली ठरवताना फोटो कमी बघा, प्रश्न जास्त विचारा: तळमजला आहे का, संडास कमोडचा आहे का, गाडी दारापर्यंत येते का. घरगुती जेवणाची सोय असेल तर सकाळीच सांगून ठेवावं लागतं. सासूबाई शाकाहारी असतील तर तेही. उकडीचे मोदक ऐन वेळी मिळत नाहीत, आदल्या दिवशी सांगा. मासे खाणाऱ्यांनी महागडं पापलेट शोधत बसू नये. सासऱ्यांना विचारा ते लहानपणी काय खायचे. ते बांगडा म्हणतील किंवा तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, म्हणतील. तेच मागवा.

जायचं कसं? पुण्याहून आंबा घाटाने गाडी नेलीत तर तीनशे किलोमीटरच्या वर होतं, दिवस त्यातच जातो, आणि गुडघे दुमडून सात-आठ तास बसणं 78 व्या वर्षी सोपं नाही. दर दीड तासाला थांबा. दुसरा मार्ग पनवेलहून कोकण रेल्वेचा. पाय पसरता येतात, उठून दोन पावलं चालता येतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि नाताळचं लगेच भरतं, त्यामुळे तारीख लिहून ठेवा. मी तुमच्या जागी असते तर रेल्वेच घेतली असती, आणखी एका कारणासाठी. तुमचे सासरे ज्या काळात रत्नागिरी सोडून निघाले तेव्हा ही रेल्वे नव्हती. ती पूर्ण सुरू झाली 1998 मध्ये. त्यांच्या लहानपणी एसटी, नाहीतर आगबोट. आगबोट भर समुद्रात थांबायची आणि पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनारा गाठावा लागायचा. असा माणूस रत्नागिरीच्या अलीकडच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून जाताना काय बोलतो, ते तुमच्या मुलांनी शेजारी बसून ऐकावं. स्टेशन शहराबाहेर कुवारबावला आहे, तिथून रिक्षा. पुढचे दिवस स्थानिक गाडी ठरवा. तारखांमध्ये थोडं मागेपुढे करता आलं तर 24 डिसेंबरच्या आत परत या, मुलांची दोन दिवस शाळा बुडाली तर काही बिघडत नाही.

आता समुद्र. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण या एका बाबतीत चूक झाली तर भरपाई नसते, आणि ही माहिती तुमच्यासारख्या अनेकांना लागेल.

किनाऱ्यावरचा कार्यक्रम घड्याळावर ठरवू नका, भरती-ओहोटीवर ठरवा. कोकणात जुनी माणसं एक हिशेब करतात: पक्ष कोणताही असो, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमाराला भरती, आणि त्यापुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री अकरा-बाराच्या आसपास भरती, आणि तेव्हाच ती सर्वात मोठी, म्हणजे उधाणाची. हा ढोबळ हिशेब आहे, नक्की वेळ गावातल्या कोळ्याला किंवा जीवरक्षकाला विचारा. पण सासूबाईंकडे पंचांग असेल ना? नातवाला त्यांच्याजवळ बसवा आणि चारही दिवसांच्या वेळा काढून घ्या. सहलीचं वेळापत्रक आजी ठरवतेय, हे मुलांनाही आवडेल आणि आजीलाही.

गणपतीपुळ्याचा आणि आरे-वारेचा समुद्र दिसायला अतिशय देखणा आहे आणि तो पोहण्यासाठी भरवशाचा नाही. वाळू एकदम खोल जाते आणि परत जाणाऱ्या पाण्याला ओढ असते. पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत असतात, आणि त्यात पोहता येणारी माणसंही असतात, कारण तलावात पोहणं वेगळं. नियम एवढाच ठेवा: गुडघाभर पाणी, त्यापुढे नाही, ओहोटी लागल्यावर तर नाहीच. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की वाद न घालता बाहेर. मुलीला हेही सांगून ठेवा की कधी ओढीत सापडलीच तर किनाऱ्याकडे झटापट करायची नाही, दमायला होतं. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून ओरडायचं, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकायचं. पाण्यातले खेळ करायचे असतील तर गणपतीपुळ्यात जेट-स्की वगैरे मिळतं. लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा, सैल असेल तर बदलून घ्या, नाही म्हणाले तर पैसे परत घ्या. गोव्याचं अर्धं समाधान इथेच होईल. उरलेलं अर्धं पुढच्या वर्षी, आजी-आजोबांशिवाय, आणि ते मुलांना आत्ताच कबूल करून टाका.

गणपतीपुळ्याच्या देवळात सकाळी लवकर पोचा. डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची आहे, वाट बांधलेली आहे. सासूबाई करतील, सासऱ्यांनी देवळाजवळ थांबलं तरी गणपती रागावणार नाही. जवळ मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. मराठी कवितेची ओढ असेल तर जा, नसेल तर नुसतं "करायचं म्हणून" नको. उलट दिशेला पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आणि त्यापुढे गणेशगुळ्याचा शांत किनारा. सासूबाईंना विचारा, एकच निवडू द्या.

शहरातले किनारे मात्र सासऱ्यांवर सोडा. मांडवीची वाळू काळी, किल्ल्याच्या पलीकडची पांढरी, म्हणून गावात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र अशीच नावं आहेत. पांढऱ्या समुद्राची बरीच वाळू गेली आहे, मिऱ्याच्या बाजूला लाटा अडवायला दगडांचा बंधारा घातलाय. त्यांनी ज्या वाळूत लहानपण काढलं, ती तिथे तशी नसणार. घराचं ऐकून ते गप्प राहतील, समुद्राचं बघून कदाचित बोलतील. मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी बसायला जागा मिळते, भेळ मिळते. दोन संध्याकाळी तिथेच घालवा. नवीन काही बघायला नको. दुसऱ्या संध्याकाळी कुणीतरी म्हातारा शेजारी बसेल आणि "तुम्ही कोणाचे?" असं विचारेल. मग तुम्ही मुलांना घेऊन जरा लांब जा.

एक राहिलं. तुमच्या पत्रात पाचजणांना काय हवंय हे नीट आलंय. न जाणं का होईना, पण यजमानांचंही म्हणणं आलंय. तुम्हाला काय बघायचंय, ते मला सापडलं नाही. पत्राला उत्तर देऊ नका, नुसतं ठरवून ठेवा. आणि तोवर माझ्याकडून एवढं घ्या: शहरातून गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्यानेच जा. जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटला. ती सीट सासऱ्यांची. परतीची वेळ सूर्यास्ताच्या थोडी आधी धरा. तेव्हा समुद्र उजवीकडे, मागच्या खिडकीत असतो. ती खिडकी तुमची. मुलं मागतील, देऊ नका.